लांबच्या टोकाला हळू

एकोणिसाव्या वर्षी मी छापील मासिकातली एक चूक पेन्सिलीनं दुरुस्त केली. चूक मासिकाची नव्हती, माझी होती. पण त्या वयात मला असल्या किरकोळ फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. मी व्हर्नाक्युलर फायनल पास, नॉर्मल स्कूलात ट्रेनिंग घेतलेली, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली मास्तरीण होते. अंबाडा दिवसातून चारदा सुटायचा. अक्कल मात्र इतकी घट्ट बांधलेली की कोणी हलवली तरी हलत नसे.

नेमणूक धानोऱ्याच्या बाजूला, जंगलातल्या एका गावी, एकशिक्षकी शाळेवर. तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. चांद्याहून निघालं की मोटार, वैनगंगेवर डोंगा, पलीकडे पुन्हा मोटार, मग बैलबंडी, आणि बंडीवाल्याला कंटाळा आला की आपले पाय. निघताना माझे वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत वापस येते तू. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं नाही, पण डोक्यात ठेवलं. माझ्या हातून पुढं जे काही बरं झालं त्याच्या मुळाशी शिक्षणाची तळमळ वगैरे होती असं निवृत्तीच्या निरोप समारंभात एकानं सांगितलं. मी मान डोलावली. खरं कारण हे की मला वडिलांना जिंकू द्यायचं नव्हतं.

दिवाळी गेली, मी गेले नाही. पण दिवाळीनंतर धानाची कापणी आली आणि शाळेत बसायला माणूस उरला नाही. गावाला लागून तीन टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, होते, तिथली पोरं कशीबशी यायची. पण पटावरची निम्म्याहून जास्त पोरं चौथ्या टोल्याची. तो नाल्यापलीकडे, तीन मैलांवर, गर्द जंगल ओलांडून. त्याला सगळे 'पलीकडचा टोला' म्हणत. कापणी लागली की तिथल्या पोरांना दम नसे. मोठी माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पोरं पाखरं हाकायला, लहान भावंडं सांभाळायला, आंबील पोचवायला.

आणि त्यातच डिपुटीसाहेबांचं पत्र आलं. शाळा तपासणारे अधिकारी ते; त्यांचं नाव काढलं की आमच्या खात्यातली भली भली माणसं पाणी प्यायची. पत्रात दोनच ओळी होत्या. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चालू असेल त्या सुमारास ते कोणत्याही दिवशी येतील. पटावरची पोरं हजर दिसली नाहीत तर शाळा बंद होईल आणि तिचा पट धानोऱ्याच्या शाळेला जोडला जाईल. धानोरा तिथून नऊ मैल, मध्ये जंगल. म्हणजे पोरांची शाळा संपली. पलीकडच्या टोल्यावरची एक अकरा वर्षांची पोरगी त्या साली चौथीला बसणार होती. त्या टोल्यातून चौथीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिचं तर वर्षच नव्हे, सगळंच संपणार होतं.

शाळा बंद होऊ द्यायची नाही, एवढं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. कशी, ते ठरवायला मात्र फार हुशारी लावली, म्हणून बिघडलं.

मी भिंतीवर खडूनं एक वर्तुळ काढलं. त्यावर गाव आणि चारही टोले मांडले. रोज सकाळी हातात शाळेची घंटा घेऊन या वर्तुळावरून एक फेरी मारायची, प्रत्येक ठिकाणी बरोबर पाव तास थांबायचं, पोरं गोळा करायची. सगळ्यांना सारखा वेळ! वर्तुळासारखा न्याय दुसरा नाही, असं मी कोतवालाला ऐकवलं. कोतवाल म्हणजे गावाचा सरकारी निरोप्या, पन्नाशीचा, गालात तंबाखू आणि जिभेवर काटा.

तो म्हणाला, "बाई, हे गोल तं ब्येस हाय. पण पलीकडचा टोला गोलात नाई बसत. तो तं कुठीच्या कुठी हाय."

"बसवू," मी म्हणाले.

"टोल्याले का कागदावर बसवता? तुमाले चालत जा लागते तिथी."

मी चालले. सलग नऊ दिवस चालले. गावातली पोरं तर आपोआपच येत होती, त्यांच्या दारापुढं पाव तास उभं राहून मी घंटा वाजवायचे आणि त्यांच्या आया म्हणायच्या, "आली का वो घंटाबाई? पोट्टं कवाचं शाळेत जाऊन बसलं." मग धापा टाकत पलीकडच्या टोल्यावर पोचायचे तोवर माणसं बांधीकडे निघून गेलेली. कुत्री, कोंबड्या आणि एक तापानं आजारी म्हातारा, एवढ्यांच्यापुढं मी पाव तास घंटा वाजवायचे. म्हाताऱ्यानं पाचव्या दिवशी हात जोडले आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, मी मेल्यावर वाजवा."

आता मासिकाची गोष्ट. चांद्याच्या एका मैत्रिणीकडून मला एक मासिक यायचं. धानोऱ्याला टपालात पडायचं, आठवड्याला कोतवाल आणायचा. त्या अंकात उपग्रहांवर लेख होता. रशियानं पहिला उपग्रह सोडून दोन वर्षं होऊन गेली होती, त्याचं कौतुक जुनं झालं होतं. पण हा नवा होता. अमेरिकेनं त्या पावसाळ्यात सोडलेला. त्याची वाट गोल नव्हती, लांबच लांब ताणलेली होती, वाळकासारखी. आणि पृथ्वी त्या वाळकाच्या मधोमध नव्हती, एका टोकाशी होती. जवळ आला की तो पृथ्वीपासून शे-दीडशे मैलांवर. लांब गेला की पंचवीस हजार मैलांच्याही पलीकडे. अशी एक फेरी पुरी करायला त्याला साडेबारा-तेरा तास लागत. उपयोग असा की एकाच फेरीत जवळचं आणि लांबचं दोन्ही मोजून होतं. पृथ्वीभोवती किरणांचे न दिसणारे पट्टे आहेत, त्यांच्यातून आरपार जाऊन तो आकडे पाठवत होता.

मला हे फार आवडलं. फक्त एक वाक्य खटकलं. लिहिलं होतं: 'जवळच्या टोकाला उपग्रह अतिशय वेगानं जातो, लांबच्या टोकाला अगदी हळू, त्यामुळे त्याचा बहुतेक वेळ लांबच जातो.' हे उघडच छापखान्याचं काम. कारण मी चुरणं पाहिलेलं होतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेणानं सारवलेल्या खळ्याच्या मधोमध एक मेढ रोवतात. धान पसरतात. चार-पाच बैलांची रांग करून ती मेढीला बांधतात आणि धानावरून गोल फिरवतात, त्यांच्या खुरांनी दाणा सुटतो. आता मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळत असतो, म्हणून तिथं म्हातारा बैल बांधतात. सगळ्यांत बाहेरच्या बैलाला सगळ्यांत लांब फिरावं लागतं, तिथं तरणा गडी हवा. तो झपाझप चालतो. म्हणजे लांबचा पळतो, जवळचा रेंगाळतो. आमच्या भागातलं शेंबडं पोर सांगेल. मी पेन्सिल घेतली, 'वेगानं' आणि 'हळू' यांच्या जागा बदलल्या आणि संपादकाची कीव करत झोपले.

दहाव्या दिवशी मी मासिक घेऊन पलीकडच्या टोल्यावर गेले. घंटेनं पोरं येत नव्हती, निदान विज्ञानानं येतील. एका खळ्यावर चुरणं चालू होतं. खळं त्या चौथीतल्या पोरीच्या आजीचं. ही बाई विधवा, उन्हानं काळी पडलेली, हातात तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची काठी. ती बैलांपेक्षा माणसांना जास्त टोचायची. नात तिथंच गोफण घेऊन पाखरं हाकत होती. आठ-दहा पोरं तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, लोळत होती. मी सगळ्यांना जमवलं आणि उपग्रह समजावून सांगितला. मेढ म्हणजे पृथ्वी, बैल म्हणजे उपग्रह. लांब गेला की हा असा झपाझप. जवळ आला की असा सावकाश.

म्हातारीनं बैल थांबवले.

"मास्तरीणबाई, त्याले दावं हाय का?"

"कोणाला?"

"तुमच्या त्या वरच्या बैलाले. दोरी हाय का बांधेल?"

"नाही हो आजी. आकाशात कुठली दोरी? मोकळाच आहे."

"मंग तो बैल काऊन म्हणता? बांधेलं ते बैलावानी चालते. मोकळं सोडलं ते फेकल्यावानी चालते." ती नातीकडं वळली. "पोरी, मार वं एक दगड वरती. सिद्धा वरती."

पोरीनं गोफण फिरवली. गोटा सूं करत वर गेला, सागाच्या शेंड्याच्या वर, आणि तिथं जरा, अगदी जरा, विचार करत असल्यासारखा थबकला. मग वळला आणि आवाज करत येऊन तणसात घुसला.

"पाह्यलं?" म्हातारी म्हणाली. "खालून पळते, वरती जाऊन रेंगाळते, खाली येतानी अखीन पळते. तुमी तं उलटं सांगून राह्यल्या. पुस्तकात तसंच लिवलं हाय का?"

आता मासिक माझ्या हातात होतं, आणि शेजारी उभ्या पोरीला वाचता येत होतं. मीच शिकवलेलं. तिनं मान वाकडी करून ते वाक्य वाचलं, पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, पुस्तकात बराबर हाय. वरतून कोणतरी खोडलं हाय."

"कोनं खोडलं?"

मी मासिक मिटलं. अंबाडा सुटला. म्हातारी हसली नाही, हेच वाईट. ती फक्त म्हणाली, "बसा बाई. पाणी प्या. तीन मैल चालून आल्या अन् उभ्याउभ्यानं जाता. रोजचंच हाय तुमचं. आल्या, टणटण केलं, गेल्या. तो वरचा शाना हाय तुमच्यापेक्षा. जिथी लांब हाय तिथी थांबते तरी."

मी पाणी प्याले. खाली बसले. आणि पहिल्यांदाच पाव तासापेक्षा जास्त बसले.

उपग्रह शहाणा नसतो, हे मला कळत होतं. तो पृथ्वीकडं पडत असतो आणि तिला चुकवत असतो, बस्. शहाणपण असतं ते त्याची वाट आखणाऱ्यांचं. त्यांना जिथलं जास्त वेळ पाहायचं होतं तिकडं त्यांनी वाटेचं लांबचं टोक काढलं, की मग रेंगाळण्याचं काम वाट आपणच करते. पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं की रशियानं आपल्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखासाठी असेच लांबुळक्या वाटेचे उपग्रह सोडले. दक्षिणेकडून भुर्रकन जायचे आणि उत्तरेच्या माथ्यावर तासन्‌तास टिकून तिथल्या लोकांचे टेलिफोन आणि चित्रं पोचवायचे. वाचून मी हसत सुटले. घरच्यांना वाटलं, या म्हातारपणी हिला काय झालं. मी हेच काम त्यांच्या आधी एका घंटेवर केलं होतं.

कारण त्या दिवशी परत येताना मी नाल्यातच ठरवलं होतं: वर्तुळ पुसायचं. जिथं पोरं आपणहून येतात तिथून पळायचं. जिथं येऊ शकत नाहीत तिथं मुक्काम ठोकायचा. दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताच गावातल्या शाळेत तासभर शिकवायचे. गावच्या पोरांना दिवसभराचा अभ्यास पाटीवर देऊन त्यांना घरी धाडायचे. शाळेला कुलूप घालायचं, हजेरीपट काखेत, फळा कोतवालाच्या डोक्यावर, आणि थेट पलीकडचा टोला. तिथं दिवस मावळायच्या आत निघेपर्यंत सगळा वेळ. आठवड्यातून दोनदा म्हातारीच्या ओसरीवर मुक्काम.

कोतवाल पहिल्या दिवशी फळा डोक्यावर घेऊन म्हणाला, "बाई, शाळा सोडून जाणं कायद्यात हाय का?"

"नाही."

"हजेरीपट भाईर नेणं?"

"ते तर मुळीच नाही."

"मंग काऊन जाऊन राह्यलो आपण?"

"चला, भाऊ. ऊन चढायच्या आत."

सगळी पोरं एकदम कधीच मिळायची नाहीत. पाच पोरं पाखरं हाकून आली की दुसरी पाच जायची. म्हणून मी पाळ्या लावल्या. एक पाळी शिकली की ती बांधीवर आणि तिथली पाळी खळ्यावर. पाढे चुरण्याच्या तालावर म्हणायचे. एकोणतीसचा पाढा बैलांना पाठ झाला असणार. पोरांपैकी काही माडिया आदिवासी होती, त्यांच्याशी बोलताना मी गोंडी बोलायचा प्रयत्न करायचे. पाण्याला 'येर' म्हणतात एवढं आलं आणि तेवढ्यावर मी महिनाभर मिरवले. दोन खुंट्या ठोकून त्यांना सैल दोरी अडकवायची आणि दोरी ताणत काडी फिरवली की ती ताणलेली वाट जमिनीवर उमटते, हे मी पोरांना शिकवलं. एका खुंटीशी पृथ्वी ठेवायची, दुसऱ्या खुंटीशी काहीच नाही. चौथीतल्या पोरीला ती रिकामी खुंटी फार आवडायची. "बाई, तिथी कोणीच नाई, तरी दोरी तिले धरून हाय," असं ती म्हणायची.

पायाला भेगा पडल्या. नाल्यात एकदा पडले, हजेरीपट तेवढा डोक्यावर धरला. वाटेत वाघाचे पंजे दिसत. कोतवाल त्यावरून तंबाखू थुंकत पुढं जाई, म्हणून मीही पुढं जाई. एका सकाळी ताप होता, तरी गेले. एकदा मनात आलं, वडील बरोबर म्हणाले होते. दुसऱ्याच पावलाला मनातून काढून टाकलं.

आणि मग डिपुटीसाहेब आले. सकाळचे अकरा वाजलेले. शाळेला कुलूप.

कोतवाल त्या दिवशी गावातच होता. तो पळत टोल्यावर आला, धापांनी त्याला बोलता येईना. "साह्यब आले! कुलूप पाहून लाल झाले! कागद काढला, लिवून राह्यले! चला वापस, चला!"

मी उभी राहिले. पोरं माझ्याकडं पाहत होती. म्हातारी बैल हाकत होती, पण कान माझ्याकडं. परत पळत गेले तर तास जाणार, आणि पोचून दाखवणार काय? रिकामी खोली. 

"भाऊ, वापस जा," मी म्हणाले. "साहेबांना सांगा, शाळा इथं आहे. पाहायची असेल तर इथं यावं."

"असं बोलू? साह्यबाले?"

"असंच बोला."

म्हातारीनं बैलांना तुतारी टोचली आणि कोणाला उद्देशून ते न सांगता म्हणाली, "आता शिकली."

ते आले. कोट, धोतर, चिखलानं भरलेले बूट हातात. नाला त्यांनी ओलांडला होता. ते तणसाच्या ढिगावर बसले, कारण दुसरं काही बसायला नव्हतं, आणि हात पुढं केला. मी हजेरीपट दिला. गावच्या पोरांपुढं सकाळचीच खूण होती; बाकीच्यांचं त्यांनी नाव घेतलं, पोरगं उभं राहिलं. नाव घेतलं, उभं राहिलं. काही नावांना बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या बांधावरून, "हजर!" अशी आरोळी आली. त्यांनी चष्म्यावरून तिकडं पाहिलं आणि त्या पोरांना बोलावून घेतलं. पाढे विचारले, वाचून घेतलं. दोन पोरं अडखळली, एक रडलं. मी मध्ये तोंड घालायला गेले तर म्हणाले, "तुम्ही गप्प राहा."

मग जमिनीवर आखलेली ती वाळकासारखी रेघ त्यांना दिसली.

"हे काय?"

चौथीतल्या पोरीनं सांगितलं. पृथ्वी कुठं, रिकामी खुंटी कुठं, कुठं पळतो, कुठं रेंगाळतो.

"अभ्यासक्रमात आहे का हे?" हा प्रश्न मला होता.

"नाही साहेब."

"मग याचा उपयोग काय?"

मी उत्तर जुळवत होते तोवर पोरगी म्हणाली, "साहेब, गोल गोल फिरलं तं कुठीच थांबता येत नाई. असं फिरलं तं लांबच्याले वेळ भेटते."

डिपुटीसाहेबांनी बोटानं त्या रेघेवरून एक फेरी मारली. म्हातारीनं त्यांच्यापुढं आंबिलीची वाटी ठेवली. "प्या, साह्यब. नाल्यातून आले तुमी."

त्यांनी आंबील पिऊन संपवली, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळले. "परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं. दप्तर बाहेर आणलं. शाळेला कुलूप. तिन्ही लिहिणार आहे मी."

"लिहा साहेब. पण शाळा?"

"शाळा काय?"

"बंद करणार का?"

"बाई," ते वैतागून म्हणाले, "शाळा बंद करायला तिला कुलूप लावावं लागतं. ते तुम्ही आधीच लावून ठेवलंत. आणि ही इथली? हिला दार तरी आहे का, बंद करायला?" बूट हातात घेऊन ते नाल्याकडं निघाले. गेले तेव्हा हसले की नाही, ते मला अजून माहीत नाही. मी त्यांची पाठच पाहिली.

पंधरा दिवसांनी कागद आला. तीन चुकांबद्दल ताकीद, आणि मुख्यालय का सोडलं याचा लेखी खुलासा आठ दिवसांत मागवलेला. मी चार पानांचा खुलासा लिहिला. त्यात उपग्रह होता, किरणांचे पट्टे होते, शिक्षणाचं महत्त्व होतं, माझ्या पायाच्या भेगासुद्धा होत्या. कोतवाल टपाल न्यायला आला तोवर मी तो एकदा वाचला आणि स्वतःचीच लाज वाटली. फाडला. नव्या कागदावर एक ओळ लिहिली: 'पटावरील मुले पलीकडच्या टोल्यावर होती, म्हणून तेथे गेले.' सही करून दिला.

तोच कागद डिपुटीसाहेबांच्या शेऱ्यासह परत आला. खाली लाल शाईत: 'खुलासा अमान्य. ताकीद कायम. शाळा परीक्षेपर्यंत पलीकडच्या टोल्यावर चालू ठेवावी.'

मी तो कोतवालाला वाचून दाखवला. त्यानं तंबाखू दुसऱ्या गालात घेतली, फळा उचलून डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "मंग उभ्या काऊन राह्यल्या, बाई? चला."